सागवानी खिडकी आणि दोन काचा

कुळगावात, रेल्वेरुळांपासून हाकेच्या अंतरावर माझ्या मावशीचे जुने घर आहे. भिंती दीड फुटी. खिडक्या सागवानी, बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांच्या, खाली फळी, वर काचेची तावदाने, आतल्या बाजूला उभे गज. पश्चिमेच्या खिडक्यांतून घरात दोन गोष्टी येतात. दुपारी तीननंतरचे ऊन आणि कर्जत-पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज. बदलापूरला समुद्राचा वारा उशिरा आणि थकून पोहोचतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

मावसभावाने ठरवले, खिडक्या काढायच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या. मावशीने मला बोलावले. ‘‘अगं, तू घरांचंच काम करतेस ना? मग ये आणि सांग याला. जुन्या खिडकीत दोन काचा बसतात म्हणे आता.’’

बसतात, हे खरे. नेहमीच्या दुहेरी काचेची जाडी २० ते २४ मिलिमीटर असते आणि जुन्या झडपेची काचेसाठीची खाच असते जेमतेम बोटभर. म्हणून ब्रिटनसारख्या देशांत, जिथे जुन्या इमारतींचे दर्शनी रूप बदलू देत नाहीत, तिथे सडपातळ दुहेरी काच आली. तीन-चार मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये चार ते सहा मिलिमीटरची पोकळी, त्यात बहुधा क्रिप्टॉन किंवा आरगॉन वायू, आणि कडेने हवाबंद सील. एकूण जाडी ११ ते १४ मिलिमीटर. लंडनच्या हिवाळ्यात आत २० अंश आणि बाहेर शून्य असते, तेव्हा ही पोकळी घरातली ऊब धरून ठेवते.

पण आपले गणित वेगळे आहे. मे महिन्यात बाहेर ४० आणि घरात ३२ अंश धरले, तर फरक आठ अंशांचाच. एक चौरस मीटर साध्या काचेतून या फरकामुळे सुमारे ४५ वॉट उष्णता आत येते. सहा मिलिमीटर हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेतून सुमारे २६. वाचले १९ वॉट. त्याच काचेवर पश्चिमेचे ऊन थेट पडले, तर चौरस मीटरला पाचशे वॉट सहज येऊन आदळतात. साध्या काचेतून त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक आत शिरतात आणि बिनथराच्या दुहेरी काचेतूनही साधारण तीन चतुर्थांश. ऊन परतवणारा थर दिलेली काच मिळते, पण मग खोलीत उजेडही कमी होतो. त्यापेक्षा काचेच्या बाहेर छज्जा किंवा बांबूचा चिक बरा. ऊन काचेपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. पडदा आतून लावला तर ऊन आधीच घरात आलेले असते.

आता आवाज. भावाची खरी तक्रार तीच होती. दोन काचा म्हणजे आवाज निम्मा, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. दोन काचा आणि मधली हवा मिळून स्प्रिंगसारखी वागतात आणि एका ठरावीक सुरात एकदम थरथरतात. चार मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये सहा मिलिमीटर हवा असेल, तर तो सूर साडेतीनशे हर्ट्झच्या आसपास पडतो. गाड्यांच्या आवाजात तो भरपूर असतो. त्यामुळे साध्या काचेपेक्षा सुधारणा होते ती एक-दोन डेसिबलची. आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल लागतात. पोकळी शंभर मिलिमीटरची केली, तर तोच सूर शंभर हर्ट्झच्या खाली जातो आणि खरा फरक पडतो.

एवढी पोकळी झडपेत कशी मावणार? झडपेत नाही, भिंतीत मावते. दीड फुटी भिंतीची हीच तर श्रीमंती आहे. मूळ खिडकी आहे तशी ठेवायची आणि गजांच्या आत, भिंतीच्या आतल्या कडेला, दुसरी काचेची झडप लावायची. तिच्यात मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली, म्हणजे लॅमिनेटेड काच.

त्याआधी फटी. एखाद्या खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का फट उघडी राहिली, तर बाकीची काच कितीही भारी असो, ती खिडकी २० डेसिबलच्या पलीकडे आवाज अडवू शकत नाही. सागवान पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून मेमध्ये फटी सर्वांत मोठ्या. सरकत्या खिडकीच्या रुळातही फटी राहतातच. शिवाय ती उघडते निम्मीच. वाऱ्यासाठी तडफडणाऱ्या गावात अर्धी खिडकी कायमची बंद करायची, हे मला पटत नाही.

तरीही कोणाला सडपातळ काच बसवायचीच असेल, तर एक सूचना. जुन्या सुताराची खडू आणि जवसाच्या तेलाची लांबी या काचेला चालत नाही. तेल सीलला खाते. मग आपल्या दमट हवेतली वाफ आत शिरते आणि काच कायमची धुरकट होते. ती पुसता येत नाही. दुहेरी काचेचे वजनही दुप्पट, तेव्हा बिजागऱ्या आधी तपासाव्यात.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून एक सुतार आला. त्याने झडपा उतरवल्या, रंधा मारला, खाचेत रबरी पट्टी बसवली. बाहेर चिक आले. आतली दुसरी झडप फक्त भावाच्या खोलीत लावली, कारण एसी तिथेच आहे आणि खिडकी बंद असते तीही तिथेच. काढलेले सागवान विकत घेतो असे तो सुतार जाताना दोनदा म्हणाला, त्यावरून भावाला आपल्या खिडक्यांची किंमत कळली.

मावशीच्या खोलीत पट्टी आणि चिक याखेरीज काही केले नाही. ती झडपा उघड्या टाकूनच झोपते.