बाजारातला हिशोब आणि बाळाचा श्वास

पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात सकाळी उभे राहिले, तर हिशोबाचा वेग पाहून थक्क व्हायला होते. मटार १२० रुपये किलो. गिऱ्हाईक पावणेदोन किलो मागते आणि ५०० ची नोट पुढे करते. भाजीवाली मावशी पिशवी बांधता बांधताच २९० रुपये परत देते. एका किलोचे १२०, अर्ध्याचे ६०, पावाचे ३०, झाले २१०. हे तिला कोणी शिकवलेले नाही. तिच्याच हातात कागद देऊन ‘१२० गुणिले १.७५’ असे गणित घातले, तर ती पेन खाली ठेवून हसेल आणि म्हणेल, ‘आम्ही कुठे शाळेत गेलोय?’

या हसण्याचा अभ्यास झालेला आहे. १९८५ मध्ये ब्राझीलमधील रेसिफी शहरात संशोधकांनी रस्त्यावर फळे आणि खाऊ विकणाऱ्या मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले आणि नंतर तेच आकडे कागदावर मांडून दिले. गाडीपाशी ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, कागदावर जेमतेम ३७ टक्के. आपल्याकडेही कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या सुमारे १,४०० मुलांचा अभ्यास झाला. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला, आणि निष्कर्ष बहुतेक तोच होता. उलट शाळेतल्या मुलांना कागदावरची गणिते बरी जमत, पण बाजारातला हिशोब आला की ती अडखळत. आयुष्य माणसाला खूप शिकवते हे खरेच. मात्र एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप उतरत नाही. मेंदू कौशल्य साठवताना त्याच्याभोवतीची जागा, वस्तू, माणसे, सगळेच गुंडाळून ठेवतो. ते सोडवून नव्या कामाला लावण्यासाठी वेगळे कष्ट करावे लागतात.

आरोग्याच्या क्षेत्रात हे कष्ट कोणी घेतले, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता तान्ह्या मुलांच्या न्यूमोनियाचा. तो ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त असतील, तर धोका समजायचा. स्टेथोस्कोप नको, एक्स-रे नको. पण गावातल्या सुईणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. ‘निरक्षर बायकांना हे जमणार नाही’ असे म्हणून विषय सोडून देता आला असता. त्याऐवजी त्यांना येत असलेली मोजणी पायाला घेतली गेली. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले एक साधे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर बाळ आजारी. सुईणींचे निदान डॉक्टरांच्या निदानाशी चांगले जुळले. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत तिथे उभी राहिली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निकाल आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचा मृत्यूदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता.

आज पनवेल तालुक्यात माथेरानच्या पायथ्याच्या मालडुंगे-धोदाणीकडच्या वाड्यांपासून शहरालगतच्या गावांपर्यंत आशा ताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्या भेटींचे मूळ इथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. २००५ मध्ये आशा योजना सुरू झाली, तेव्हाच अट होती की ही बाई त्याच गावची हवी, शक्यतो २५ ते ४५ वयाची. विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. म्हणजे जिच्या पदरी संसाराचा अनुभव आहे अशी. सरकारी नियमांमध्ये आयुष्याच्या अनुभवाला पात्रता मानणारे नियम फार थोडे, त्यातला हा एक.

हा अनुभव कुठे कामाला येतो? तान्हे बाळ हातात कसे घ्यायचे, हे ताईला सांगावे लागत नाही. भुकेचे रडणे आणि दुखण्याचे रडणे तिला वेगळे ऐकू येते. ‘कालपासून नीट ओढत नाही’ या आईच्या एका वाक्यावर ती थांबते, आणि ते बरोबरच असते. दूध न ओढणे ही नवजात बाळातील जंतुसंसर्गाची पहिली खूण असू शकते. कोणत्या घरात सासूशी आधी बोलायचे, कुठे नवऱ्याला बाजूला घ्यायचे, हेही तिला पाठ असते. वैद्यकीय महाविद्यालयात हे शिकवले जात नाही. नवे डॉक्टर पहिली दोन वर्षे इथेच ठेचकाळतात.

पण अनुभवाची दुसरी बाजूही आहे, आणि ती सहसा कौतुकात झाकली जाते. घराने शिकवलेले सगळेच बरोबर नसते. जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालणे, पहिला चीक काढून टाकणे, मध चाटवणे, डोळ्यांत काजळ घालणे, हेही अनुभवातूनच आलेले. पोट उडू लागले की ‘डबा झाला’ म्हणून डाग देणेही तसेच. न्हाऊ घातल्याने बाळ गार पडते, मधातून बोट्युलिझमचा धोका असतो, आणि डाग देण्यात मोलाचे तास जातात. आठ मुले वाढवलेल्या आजीचा आत्मविश्वास मोठा असतो, कारण तिच्या पाहण्यातली बहुतेक बाळे काहीही केले तरी जगलीच असती. चूक आपल्याला परत येऊन सांगत नाही, तोवर अनुभव चुकीलाही घट्ट करतो. आशा ताईला म्हणूनच दोन गोष्टी शिकाव्या लागतात, नवे घेणे आणि जुने सोडणे. दुसरी जास्त अवघड. स्वतःच्या सासूने सांगितलेले खोटे ठरवायचे, तेही दुसऱ्याच्या सासूसमोर!

वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही हीच गोष्ट आहे. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत शोधणारा लेओपोल्ड आउएनब्रुग्गर हा ऑस्ट्रियातील ग्राझ गावच्या खाणावळवाल्याचा मुलगा. पिपात किती दारू उरली, हे ठोकून पाहण्याची युक्ती त्याने लहानपणी बापाकडे पाहिली, असे सांगितले जाते. लोक इथेच थांबतात. पुढची सात वर्षे तो व्हिएन्नाच्या रुग्णालयात रुग्णांच्या छातीवर ठोकत होता, जे दगावले त्यांच्या शवविच्छेदनाशी ताडून पाहत होता, आणि मग १७६१ मध्ये त्याने पुस्तक लिहिले. पिपाने कल्पना दिली, कौशल्य तपासणीतून आले. फ्रान्सच्या अलेक्सी कॅरेलने रक्तवाहिन्या शिवण्यासाठी लिआँमधील एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक टाके शिकून घेतले. १९१२ चे नोबेल त्याला मिळाले. बाईंचे नाव मादाम लेरूदिए. ते फारसे कुणाला माहीत नसते.

अशा नाव नसलेल्या बायका आपल्याकडे घरोघर आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे चार-पाच वर्षे सगळे करणारी सून घ्या. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीतून भरवणे, इन्शुलिनची जागा बदलत जाणे, लघवीचा रंग पाहून पाणी वाढवणे, हे सगळे ती करते. सासू गेल्यावर तिला नोकरीची गरज पडते आणि अर्जावर ‘अनुभव : नाही’ असे तीच लिहिते. पनवेल, खारघर, कामोठे परिसरात वृद्धांच्या घरी मदतनीस हवे असतात, माणसे मिळत नाहीत अशी कुटुंबांची तक्रार असते, आणि ही बाई घरी बसलेली असते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची सोय आहे. येत असलेल्या कामाची परीक्षा घ्यायची, राहिलेले थोडक्यात शिकवायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे. घरी रुग्णसेवा करणाऱ्या मदतनिसाचा अभ्यासक्रमही आहे. तो या बायकांपर्यंत पोचलेला दिसत नाही.

परीक्षा मात्र हवीच. कारण या सुनेलाही काही चुका पक्क्या झालेल्या असतात. माकडहाडावर लाल चट्टा दिसला की ती प्रेमाने तेल लावून चोळते. तिथली कातडी आधीच दबून नाजूक झालेली असते. चोळल्याने ती फाटते आणि जखम वाढते. तिथला दाब काढायचा असतो. नळीतून भरवताना रुग्णाला आडवे ठेवले, तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. डोके ३० ते ४५ अंश वर हवे, आणि भरवून झाल्यावर निदान अर्धा तास तसेच. पाच वर्षे सेवा केलेल्या बाईला हे अर्ध्या तासात समजते. ज्याने कधी रुग्णाला हात लावलेला नाही, त्याला समजले तरी हाताला येत नाही.

श्वास मोजणे मात्र कोणत्याही आईला, आजीला जमण्यासारखे आहे. बाळ शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना, अंगावरचे कापड वर करून पोटाची हालचाल पाहावी. पूर्ण एक मिनिट मोजावे, कारण नवजात बाळ मध्येच काही सेकंद श्वास थांबवते आणि पंधरा सेकंद मोजून चौपट केले तर आकडा फसवतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त आले, तर थोडे थांबून पुन्हा मोजावे. पुन्हा तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा हात-पाय गार लागत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. आशा ताईला फोन करावा आणि १०२ किंवा १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, टोपी चढवावी.