बहाई पंथ सोडणाऱ्यांचे काय होते?

महाराष्ट्रात बहाई म्हटले की पाचगणीची १९४५ साली सुरू झालेली न्यू एरा शाळा आठवते. हा धर्म सोडणे तसे सोपे आहे. श्रद्धा उरली नाही असे कळवले की नाव यादीतून निघते, आणि नातलगांशी संबंध तोडावे लागत नाहीत. अमेरिकी इतिहासकार हुआन कोल यांनी १९९६ मध्ये असाच निरोप घेतला. त्यांच्यासारख्या अभ्यासकांची मोठी तक्रार होती ती बहाई लेखकाने धर्मावरचे लेखन छापण्यापूर्वी संस्थेकडून तपासून घ्यावे, या नियमाबद्दल. मला ती रास्त वाटते.

बहाई म्हणवून घेत नेतृत्वालाच आव्हान देणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो नेतृत्वाशी निष्ठेचा करार मोडणारा ठरतो आणि अनुयायी त्याच्याशी संपर्क टाळतात. १९६० मध्ये स्वतःला धर्मसंरक्षक, म्हणजे धर्माचा प्रमुख, घोषित करणारे बहाई नेते मेसन रेमी यांना असेच बाहेर काढले गेले.

असा संपर्क तोडणे महाराष्ट्राला अनोळखी नाही; रायगड जिल्ह्यात गावकीने वाळीत टाकणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धर्मबहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. पुढे महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.