सुट्ट्या पैशांत कोलकाता

मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ साली, मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. सर्वांना एकच वर्ग, हे तिचे वैशिष्ट्य होते. आज तीत वातानुकूलित डबेही आहेत. हावड्याला उतरल्यावर मात्र काटकसरीचा प्रवास अजूनही सहज साधतो.

स्थानकाबाहेर टॅक्सीवाल्यांच्या गराड्यातून निसटून थेट बसतळ गाठावा. खासगी बसवर ठिकाणांची नावे बहुधा बंगालीत रंगवलेली असतात. लिपी थोडीफार लागते, आकडे मात्र फसवतात. बंगाली चार इंग्रजी आठसारखा दिसतो, सात नऊसारखा! म्हणून बस धर्मतला, म्हणजेच एस्प्लनेडला जाते का, हे वाहकालाच विचारावे. बोटांच्या बेचक्यांत घडी केलेल्या नोटा धरून तो 'खुचरो' मागतो. खुचरो म्हणजे सुटे पैसे. तिथे पाचशेची नोट पुढे करणे म्हणजे सहप्रवाशांची करमणूक करणे होय. निघण्यापूर्वी बँकेतून दहा-वीसच्या नोटा घेणे आम्हांला आरक्षणाइतकेच अगत्याचे वाटते.

घाई असेल तर मेट्रो आहे. भारतातील पहिली मेट्रो १९८४ मध्ये याच शहरात धावली. मार्च २०२४ पासून ती हुगळीच्या पात्राखालूनही जाते आणि दहा रुपयांत हावड्याहून एस्प्लनेडला पोहोचवते. घाई नसेल तर बाबूघाटाची लाँच घ्यावी. १९४३ साली खुला झालेला हावडा पूल नदीतून जसा अखंड दिसतो, तसा टॅक्सीच्या खिडकीतून दिसत नाही.

बरोबर चार माणसे आणि मोठ्या बॅगा असतील, तर मात्र हट्ट सोडून टॅक्सीच करावी.