लूपचा सराव : आधी कागद, मग संगणक

एकच काम ठरावीक वेळा करण्याची आज्ञा संगणकाला ज्या रचनेतून दिली जाते, तिला लूप म्हणतात. उदाहरणासाठी आपण 'सी' ही भाषा घेऊ. डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये घडविली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकातून ती आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. सातच्या पाढ्याचा आरंभ तीत साधारणतः असा लिहिता येईल. सोयीसाठी अक्षरे देवनागरीत देत आहोत :

फॉर (क = १; क <= ३; क++)
  छापा (७ * क);

कंसातील तीन भाग ओळीने वाचले जातात. संगणक मात्र त्या ओळीने चालत नाही. प्रथम 'क'ला १ ही किंमत मिळते. हे एकदाच घडते. मग अट तपासली जाते. अट म्हणजे रस्त्यावरचा फाटाच होय : ती खरी ठरली तर वाट आतील आज्ञेकडे वळते, खोटी ठरली तर लूपबाहेर. छपाईनंतर 'क' एकाने वाढतो आणि पुन्हा अट. अशा रीतीने ७, १४, २१ छापले जातात. छपाई तीनदा होते, पण अट चारदा तपासली जाते आणि शेवटी 'क' ४ असतो.

हा क्रम उमगला की चुकांचा उलगडा होतो. '<='ऐवजी '<' लिहिले, तर २१ गळतो. 'क++' राहून गेले, तर ७ हा आकडा अखंड छापला जातो. कंसानंतर लगेच अर्धविराम पडला, तर लूप रिकामाच फिरतो आणि अखेरीस फक्त २८ उमटतो.

म्हणून आम्ही सुचवितो की, वहीत 'क', 'अट' आणि 'छपाई' असे तीन रकाने आखावेत. प्रत्येक फेरी हाताने भरावी, उत्तराचे भाकीत लिहावे आणि मगच प्रोग्रॅम चालवावा. भाकीत चुकले, तर नेमकी कोणती पायरी निसटली, हे वहीच सांगते.

देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने या सरावाचे मोल मोठे आहे. घरी संगणक नाही, म्हणून हा विषय आपल्यासाठी नाही, असे एकाही मुलाने मानू नये. पालकांनी वही पुढे घेऊन "पुढे काय होईल?" एवढे विचारले, तरी अभ्यास होतो. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत तासभर मुलांसोबत बसावे, ही विनंती.