घाट चढणारी वीज

मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते. पुढे थळ घाट, घाटमाथ्यावर इगतपुरी आणि त्यानंतरचं स्टेशन घोटी. एवढ्याशा अंतरात तीन दशकांहून अधिक काळ विजेची सरहद्द होती. घाटात डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी, तर इगतपुरीच्या पुढे घोटी-नाशिककडे २५,००० व्होल्ट एसी. गाडी इगतपुरीला थांबायची, एक इंजिन सुटायचं, दुसरं लागायचं. प्रवासी तेवढ्यात चहा-वडा उरकून घ्यायचे. ही सरहद्द का आली आणि का गेली, याचं उत्तर दहावीच्या विज्ञानात आहे. तिथे ते बल्बवर शिकवतात. माझ्या मते ते घाटावर शिकवायला हवं.

घाटाचा कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. कसारा ते इगतपुरी सुमारे ३०० मीटर उंची गाठायची. समजा, १,००० टनांची मालगाडी आहे. या चढावर नुसतं तिचं वजन पेलायलाच २७ टनांची ओढ लागते. ताशी ३० किलोमीटरने न्यायची तर सुमारे २२ लाख वॉट हवेत. चाकांचं घर्षण आणि वळणांचा अडथळा वेगळाच. म्हणून आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि गाडी इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. २२ लाखांना १,५०० ने भागा: १,४७० अँपिअरच्या आसपास. २५,००० ने भागा: ८८. काम तेच, गाडी तीच. पण तारेला व्होल्टेजशी देणंघेणं नसतं, ती तापते अँपिअरने, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. सबस्टेशनपासून इंजिनापर्यंतचा रोध ०.१ ओहम धरला, तर १,४७० अँपिअरला वाटेत १४७ व्होल्ट पडतात आणि दोन लाखांहून जास्त वॉट तारेत जळतात. ८८ अँपिअरला पडतात जेमतेम नऊ व्होल्ट, आणि जळतात पावणेआठशे वॉट. हिशेब ढोबळ आहे. एसीत रोधाच्या जोडीला तारेच्या प्रेरकत्वाचाही अडथळा येतो. तरी अर्थ स्पष्ट आहे. डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागतं, २५,००० व्होल्टला ते त्याहून कितीतरी लांब असलं तरी भागतं.

मग तेव्हा ही लाइन चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेने डीसी का घेतली? कारण तेव्हा तीच शहाणपणाची होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १९३० पर्यंत तारा इगतपुरीला पोचल्या. डीसी मोटार थेट त्या तारेवर चालवता येई. एसीची डीसी करणारी भरवशाची यंत्रणा इंजिनात बसवण्याइतकी आटोपशीर झालेली नव्हती. घाटातल्या मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली ईएफ-१ इंजिनं आली. लांब नाकाडं पुढे-मागे, चाकं दांड्यांनी जोडलेली. लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत.

या खेकड्यापाशी जरा थांबू, कारण ‘व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध’ हे सूत्र कुठे फसवतं ते इथे कळतं. समजा, एका मोटारीच्या तारांचा रोध ०.१ ओहम आहे आणि तिला ५०० व्होल्ट दिले. उभ्या मोटारीतून ५,००० अँपिअर जातील, ती जळून जाईल. म्हणून सुरुवातीला मोटारीच्या वाटेत जाडजूड रोधक घालतात आणि वेग वाढेल तसा ड्रायव्हर एकेक नॉच, म्हणजे टप्पा, घेत ते काढतो. मोटार फिरू लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते. आता तिने ३०० अँपिअर घेतले, तर भागाकार येतो १.६७ ओहम. मोटारीचा रोध मात्र ०.१ च आहे. ५०० पैकी ३० व्होल्ट तारा तापवण्यात जातात, म्हणजे ९,००० वॉट. उरलेले ४७० व्होल्ट चाकं फिरवतात, म्हणजे १,४१,००० वॉट. चढ चढवतो तो हा दुसरा आकडा.

उतारावर तीच मोटार जनित्र होते. खेकड्याला ही सोय होती: खाली येणारी गाडी तारेत वीज परत टाकायची आणि ती वर चढणाऱ्या गाडीच्या कामी यायची. ब्रेकचे ठोकळेही कमी झिजायचे. सन १९३० च्या यंत्रात हे होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इगतपुरीच्या पुढची लाइन १९६० च्या दशकात थेट २५,००० व्होल्टवर आली आणि सरहद्द तयार झाली. नव्वदच्या दशकात ‘भेल’ने दोन्ही तारांवर चालणारी इंजिनं दिली, मग घाटाचीच तार २५,००० व्होल्टवर गेली आणि सरहद्द मिटली. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या हार्बर लाइनवरची शेवटची डीसी लोकलही थांबली.

व्होल्ट-अँपिअरचा हाच हिशेब घेऊन आता घोटीच्या बाजारात येऊ. इगतपुरी तालुक्यात पाऊस दांडगा, पीक भाताचं, त्यामुळे घोटीत भात गिरण्या. दहा एचपीची थ्री-फेज मोटार धरा. पॅनेलवर एक काटा ४१५ व्होल्ट दाखवतो, दुसरा १४ अँपिअर. दोन्ही गुणले की ५,८१०. थ्री-फेज म्हणून पुन्हा १.७३ ने आणि पॉवर फॅक्टरच्या ०.८४ ने गुणले की साधारण ८,४५० वॉट. दहा एचपी म्हणजे ७,४६०. मधला फरक उष्णता आणि घर्षणात जातो.

हंगामात सगळ्या गिरण्या एकदम चालल्या आणि व्होल्टेज ३५० वर आलं, तर मोटार काम सोडत नाही. तेवढीच शक्ती ओढायला ती साडेसोळा अँपिअर घेते. घाटातल्या तारेचा वर्गाचा नियम इथे वाइंडिंगला लागतो: अँपिअर १८ टक्के वाढले, उष्णता ४० टक्के. अशा वेळी भाताची धार कमी करावी, म्हणजे लोड उतरतो आणि काटा खाली येतो. अँपिअर वाढले की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याची सेटिंग वाढवली, तर हंगामाच्या ऐन मध्यावर मोटार रिवाइंडिंगला जाते.