बागुलबुवाला घरात कोण आणतं?

"झोप गुपचूप, नाहीतर बुवा येईल." हे वाक्य लहानपणी कानावर पडलंच नाही, असा माणूस मराठवाड्यात शोधूनही सापडायचा नाही. बुवाच्या जागी घराघरांत वेगवेगळी मंडळी हजर होतात: पोलीस, सुई टोचणारे डॉक्टर, पोत्यात घालून नेणारा बाबा. मग तेच पोर रात्री एकटं संडासापर्यंत जायला तयार होत नाही, तेव्हा घरचेच कपाळाला हात लावतात. हा इतका भित्रा कसा निघाला?

निघालेला नसतो. साधारण तीन ते सहा या वयात कल्पनाशक्ती जोरात धावते आणि खरं काय, मनातलं काय हे निवडणारी समज तिच्या मागून रखडत येते. खुंटीवरचा शर्ट दिवसा शर्ट असतो, रात्री त्याला हात फुटतात. हा आजार नव्हे, वाढीतला एक टप्पा आहे. नेदरलँड्समध्ये पीटर म्युरिस आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ४ ते १२ वर्षांच्या मुलांनाच विचारलं, तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांनी रात्री भीती वाटते असं सांगितलं. त्यांच्या आईवडिलांना विचारलं, तर होकार साधारण एक तृतीयांश. बरीच मुलं घाबरतात आणि घरात बोलत नाहीत, एवढं त्यावरून नक्की कळतं.

"धाक दाखवल्याशिवाय झोपतच नाही"

धाकाने मूल गप्प पडतं. गप्प पडणं म्हणजे झोपणं नव्हे. घाबरलेलं शरीर जागं राहायच्या तयारीत असतं, छाती धडधडत असते, कान टवकारलेले असतात. शिवाय अंथरूण आणि धोका यांची गाठ आपणच मारून दिलेली असते. पोलिसाचा धाक तर सरळ घातक. नवरात्रात आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या कर्णपुरा यात्रेत गर्दीत हात सुटला, तर मुलाने ज्याच्याकडे धावत जायचं, त्यालाच पाहून ते पळेल. डॉक्टरांचंही तेच. हा एक गैरसमज घराघरांतून गेला, तरी निम्मं काम झालं असं माझं मत आहे.

"अंधारात एकटं ठेवा, आपोआप चेपेल"

यात 'मुलगा असून घाबरतोस?' हा टोमणाही आला. कोंडून ठेवलेल्या मुलाला अंधाराची सवय होत नाही. हाक मारली तरी कुणी येत नाही, एवढाच धडा त्याला मिळतो.

भीती कशी उतरते याचा शंभर वर्षांपूर्वीचा एक नमुना आहे. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना त्यांनी ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला आणि पुढच्या बैठकांत हळूहळू जवळ आणला. सशाला न घाबरणारी मुलंही सोबत असायची. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. कुठेही बळजबरी नाही, चेष्टा नाही, अंतर मात्र थोडं थोडं कमी होत गेलं.

अंधाराचंही असंच करता येतं, आणि सुरुवात दिवसाउजेडी करावी. पडदे ओढून खोली मंद करा आणि लपंडाव खेळा. भिंतीवर बॅटरीच्या उजेडात हाताच्या सावल्या पाडा. दुसऱ्या खोलीत ठेवलेली वस्तू आणायला आधी दोघं जा, मग मूल पुढे आणि तुम्ही दारात, मग नुसता तुमचा आवाज. लाईट गेली की चिडचिड करण्याऐवजी गच्चीवर जाऊन तारे पाहा. आपल्या शहराला तर या कामासाठी घराजवळच एक जागा मिळालेली आहे. देवगिरीच्या किल्ल्यात खंदक ओलांडला की अंधारी लागते. शत्रूला चकवण्यासाठी कातळातून काढलेली वळणावळणाची वाट, उंचसखल पायऱ्या, वटवाघळांचा वास. घरात दिवा मालवू न देणारी पोरंही तिथे मोठ्यांचा हात धरून, किंचाळत, हसत पार होतात आणि बाहेर येऊन 'परत जाऊ' म्हणतात. सोबत आणि गंमत असली की काळोख तोच असूनही वेगळा लागतो. पण नेण्याआधी विचारा. नको म्हणालं तर ओढून नेऊ नका.

"समजावलं की कळतं"

'काही नाही तिथे, झोप' हे मोठ्यांचं आवडतं वाक्य खरं आहे, पण चार वर्षांच्या मुलाला ते फारसं पुरत नाही. लियात सायफन आणि क्रिस्टिन लागाट्टुटा यांचं २००९ सालचं संशोधन यावर बोलकं आहे. सात वर्षांच्या मुलांना 'ते खरं नसतं' हा दिलासा चालतो. चार वर्षांच्यांना मात्र कल्पनेतच बदल करून हवा असतो, म्हणजे राक्षस बिचारा चांगला आहे, आपल्याशी खेळायला आलाय, वगैरे. म्हणून लहानग्याने भुताचं सांगितलं की त्याचं चित्र काढायला लावा, त्याला गमतीचं नाव द्या, त्याच्या डोक्यावर टोपी चढवा. मोठ्या मुलाला सावली कशाची पडते ते दिवा लावून एकदा दाखवा. एकदाच. रोज रात्री पलंगाखाली, कपाटामागे झडती घ्यायला लागलात, तर शोधण्यासारखं काहीतरी आहे अशी मुलाची खात्री तुम्हीच करून देता.

यातला मला सर्वांत आवडणारा उपाय इस्रायलमधला. २००६ च्या लेबनॉन युद्धाच्या काळात अवी सादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भेदरलेल्या मुलांना कापडी कुत्र्याचं पिल्लू दिलं आणि सांगितलं, हे उदास आहे, घरापासून लांब आहे, याला तू सांभाळ. पुढे चार ते सहा वर्षांच्या, रात्री घाबरणाऱ्या मुलांवरही हाच प्रयोग झाला. काहींना 'तू याला सांभाळ' सांगितलं, काहींना 'हे तुला सांभाळेल'. दोन्ही गटांत भीती कमी झाली. यासाठी महागडं खेळणं लागत नाही, आजीच्या जुन्या लुगड्याची बाहुलीही ही जबाबदारी निभावते.

"आईजवळ झोपतो, म्हणूनच भित्रा"

एका खोलीत चौघं झोपणाऱ्या घरांत हा समज परदेशी पुस्तकांतून आला. आशियातल्या बहुतेक घरांत मुलं मोठ्यांजवळच झोपतात. भीतीचं मूळ तिथे नाही, कारण स्वतंत्र खोलीतली मुलंही घाबरतात. मूल वेगळं झोपवायचं असेल तर जरूर झोपवा, फक्त ऐन भीतीच्या दिवसांत नको.

"रात्री किंचाळतो, म्हणजे बाहेरची बाधा"

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वाईट स्वप्न बहुधा उत्तररात्री पडतं. मूल पूर्ण जागं होतं, रडतं, बिलगतं, काय दिसलं ते सांगतं. त्याला जवळ घ्यावं, पाणी द्यावं.

दुसरा प्रकार पाहणाऱ्याचीच गाळण उडवतो. झोप लागल्यावर तासा-दोन तासांत मूल अचानक उठून बसतं, किंकाळी फोडतं, डोळे सताड उघडे, घामाघूम, आईलाच ढकलून देतं. पाच-दहा मिनिटांनी धाडकन झोपी जातं आणि सकाळी त्याला काहीही आठवत नाही. ही गाढ झोपेतली अर्धवट जाग असते. मेंदूचा काही भाग जागा होतो, बाकीचा झोपलेलाच राहतो. अपुरी झोप, ताप, भरलेलं मूत्राशय ही नेहमीची निमित्तं. घरात कुणाला झोपेत चालायची सवय असेल, तर मुलात हे जास्त दिसतं, आणि बहुतेकांचं वयात येईपर्यंत आपोआप थांबतं. अशा वेळी हलवून जागं करू नये, तोंडावर पाणी मारू नये. पडणार-आपटणार नाही एवढं पाहावं आणि थांबावं. सकाळी 'रात्री काय केलंस माहितीये का' अशी नक्कलही करू नये.

मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढल्याने आजीचं समाधान होत असेल, तर भांडायचं कारण नाही. पण दचकू नये म्हणून उशीखाली चाकू किंवा अडकित्ता ठेवायची पद्धत आजच बंद करा, झोपेत वळवळणाऱ्या मुलाजवळ धारदार वस्तू कशाला? आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

झोपेत दात खाणं हेही अनेक घरांत जंतांच्या खात्यावर जमा होतं. त्यावरून जंत ओळखता येत नाहीत. शाळेत-अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी अवश्य द्यावी, भीतीवर औषध म्हणून नव्हे.

"दमला की झोपेल, तोवर मोबाईल"

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत पाळीवर जाणारा बाप रात्री उशिरा घरी येतो, नळाला पाणी अवेळी येतं, घर साडेअकरापर्यंत जागं असतं. याला आईबापांचा आळस म्हणता येणार नाही. पण अति दमलेलं मूल शांत झोपत नाही, उलट जास्त दचकतं. सकाळच्या शाळांमुळे झोप तुटते हे सरकारलाही पटलं, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश निघाला. घरी एवढं करता येईल: झोपेआधीचा तासभर मोबाईल बंद, बातम्यांतले खून आणि भुताचे रील्स मुलासमोर नकोत, आणि रोज तोच क्रम. हातपाय धुणं, शुभंकरोती किंवा भीमरूपी, एक गोष्ट, दिवा मंद. जोडी मिंडेल यांनी भारतासह १४ देशांतल्या दहा हजारांवर आयांकडून माहिती घेतली, तेव्हा क्रम जितका नियमित तितकी मुलांची झोप चांगली असं दिसलं. रात्रभर दिवा हवाच असेल तर पिवळसर, मिणमिणता आणि खाली ठेवलेला बरा. ट्यूबलाईट नको.

डॉक्टर कधी गाठायचे? भीती महिनोन्महिने हटत नसेल, दिवसाही पाठ सोडत नसेल, मूल शाळा-जेवण टाळत असेल. मोठ्याने घोरत असेल, तर टॉन्सिल-ॲडेनॉइड तपासून घ्यावेत. एकाच रात्री अनेकदा, दर वेळी अगदी सारखेच झटके येत असतील, तर फिट्सची शंका घ्यावी. अशा वेळी मोबाईलवर चित्रण करून ठेवा, तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांना ते जास्त उपयोगी पडतं. घाटी रुग्णालयात बालरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.