बाजार वर गेला, मग खाली आला: उन्हाळ्याच्या मासळीचा पैसा ठेवायचा कुठं?



मृग लागला. मृगाला मासे खायची आपल्याकडची रीत मोठी, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला मालाला गिऱ्हाईक चांगलं असतं. दोन वर्षं लॉकडाऊननं मार खाल्ल्यावर 2022 मध्ये लग्नं झाली, हॉटेलं-खानावळी उघड्या राहिल्या, आठवडी बाजार भरले. सातनाला, मत्तडीवागू, गावतलाव, पैनगंगेचा काठ, सगळीकडच्या घरात थोडाफार पैसा आला. आता पावसाळ्यात माशांच्या अंड्यांचा काळ, जाळी वर. हातात पैसा आहे आणि काम कमी आहे, असे हे दिवस.

अशा दिवसांत संघात एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "पोरगा म्हणतो मोबाईलवर शेअरचं खातं उघडू. करावं का?" एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांसाठी इथं सविस्तर लिहितो आहोत. जरा निवांत वाचा.

आधी हे समजून घेऊ: धंदे बंद होते तेव्हा बाजार वर कसा गेला?

23 मार्च 2020 ला, म्हणजे लॉकडाऊन लागायच्या तोंडावर, सेन्सेक्स एका दिवसात 3,900 पॉइंटच्या वर पडून 26 हजारांच्या खाली बंद झाला. पुढं एप्रिल ते जून 2020 या तीन महिन्यांत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे 24 टक्क्यांनी घटलं. आपण ते डोळ्यांनी पाहिलं आहे. ऐन उन्हाळी मासेमारीचे दिवस आणि बाजार बंद. मासेमारी-मत्स्यपालनाच्या कामांना 10 एप्रिलला सूट मिळाली खरी, पण गाडी नाही, बर्फ नाही, गिऱ्हाईक नाही, तर मासा न्यायचा कुठं?

आणि तरीही 21 जानेवारी 2021 ला सेन्सेक्स पहिल्यांदा 50 हजारांवर गेला. दहा महिन्यांत जवळपास दुप्पट! ऑक्टोबर 2021 मध्ये तो 62 हजारांच्याही वर जाऊन आला. याची तीन कारणं.

एक, शेअर बाजार आजचं बघत नाही, पुढचं बघतो. तलावात बोटुकली सोडताना आपण आजच्या वजनाचा हिशोब करत नाही, उन्हाळ्यात किती भरेल ते बघतो. तसंच ते. कंपन्या पुढं कमावतील अशी आशा लागली की भाव आधीच चढतो. आशा मावळली की आधीच पडतो.

दोन, सेन्सेक्समध्ये फक्त 30 मोठ्या कंपन्या आहेत. त्यात ना आपला तलाव, ना बाजारातली मासेवाली, ना बर्फवाला. लहान दुकानं बंद पडली तेव्हा काही मोठ्या कंपन्यांचा धंदा उलट वाढला. म्हणून सेन्सेक्स वर म्हणजे आपलं घर वर, असं काही नसतं.

तीन, पैसा स्वस्त झाला होता. रिझर्व्ह बँकेनं मे 2020 पर्यंत रेपो दर 4 टक्क्यांवर आणला. बँका ज्या दरानं रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलतात तो हा दर. तो उतरला की कर्ज स्वस्त होतं, पण ठेवीचं व्याजही उतरतं. व्याज कमी मिळायला लागल्यावर लोक शेअरकडे वळले. मार्च 2020 मध्ये देशात सुमारे 4 कोटी डिमॅट खाती होती, मार्च 2022 पर्यंत ती 9 कोटींच्या घरात गेली.

मग 2022 मध्ये का पडला?

सगळं उघडलं, मागणी वाढली, पण माल तेवढा नव्हता. त्यात 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं. खाद्यतेल, डिझेल, गहू, सगळं महागलं. एप्रिलमध्ये देशातली महागाई 7.79 टक्क्यांवर गेली. ती आवरायला रिझर्व्ह बँकेनं 4 मेला रेपो दर 0.40 नं आणि 8 जूनला 0.50 नं वाढवून 4.90 टक्क्यांवर नेला. पैसा महाग व्हायला लागला, परदेशी गुंतवणूकदार विकून बाहेर पडायला लागले. 17 जूनला सेन्सेक्स 51,360 वर बंद झाला. ऑक्टोबरच्या टोकापासून शेकडा 17 खाली.

23 मार्च 2020 च्या भावानं ज्यानं पैसा घातला त्याचा जून 2022 मध्येही जवळपास दुप्पट होता. सगळे म्हणताहेत म्हणून ज्यानं ऑक्टोबर 2021 मध्ये 30 हजार घातले, त्याचे साधारण 25 हजार उरले. तेव्हा त्याला नवं जाळं घ्यायला पैसा लागला असता तर तोटा सोसूनच काढावा लागला असता. दोघांचा बाजार एकच. फरक पडला तो पैसा कधी घातला आणि कधी लागला याचा.

एलआयसीचं उदाहरण तर घरातलंच. पॉलिसी आपल्यापैकी अनेकांकडे आहे, त्यामुळे मे 2022 मध्ये तिचा शेअर आला तेव्हा खूप चर्चा झाली. भाव 949 रुपये, पॉलिसीवाल्यांना 60 रुपयांची सूट, म्हणजे 889. कमीत कमी 15 शेअर घ्यायचे, म्हणजे 13,335 रुपये. 17 मेला बाजारात पहिल्याच दिवशी तो 949 च्या खाली उघडला आणि जूनमध्ये 700 च्याही खाली आला. 700 नं धरलं तरी 13,335 चे 10,500 झाले. याचा अर्थ एलआयसी बुडाली असा नाही, पॉलिसी सुरक्षित आहे. पण पॉलिसी वेगळी आणि शेअर वेगळा. नाव ओळखीचं आहे म्हणून भाव वर जाईलच असं नाही.

आता आपल्या घराचा हिशोब

नोकरदाराला दर महिन्याला पगार येतो. आपला पैसा पाणी उतरायला लागल्यावर, हिवाळा ते मे-जून, येतो आणि पावसाळ्यात आटतो. म्हणून नोकरदाराचा सल्ला जसाच्या तसा आपल्याला लागू होत नाही. आम्ही सुचवतो तो क्रम असा.

1. आधी महागडं कर्ज फेडा.
शेकडा 3 रुपये महिन्यानं 50 हजार घेतले असतील, तर महिन्याचं व्याज 1,500 आणि वर्षाचं 18 हजार. म्हणजे वर्षाला 36 टक्के. सेन्सेक्सची सुरुवात 1978-79 सालचे 100 धरून झाली. तिथून जून 2022 च्या 51 हजारांपर्यंतची वाढ वर्षाला 15 ते 16 टक्के चक्रवाढीची पडते, तीही मधले मोठमोठे आपटे सोसून. 2008 मध्ये तो 21 हजारांवरून 8 हजारांच्या खाली गेला होता. मग 36 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून शेअर घेण्यात शहाणपण कुठलं? कर्ज फेडलं की 36 टक्के वाचले, आणि तेही नक्की.

2. व्यापाऱ्याची उचल हेसुद्धा कर्जच आहे.
"उचलीला व्याज नाही" असं आपण म्हणतो. पण उचल घेतली की मासा त्यालाच द्यायचा, भाव तो म्हणेल तो. समजा 40 हजार उचल घेतली आणि हंगामात 1,000 किलो मासा किलोमागं 10 रुपये कमी भावानं दिला. 10 हजार रुपये गेले. 40 हजारांवर 10 हजार, म्हणजे एका हंगामात शेकडा 25! व्याज कागदावर नाही, काट्यावर आहे. यंदा हातात पैसा असताना उचल कमी केली, तर पुढच्या उन्हाळ्यात रोहू-कटला चार व्यापाऱ्यांना दाखवून विकता येईल.

खेळत्या भांडवलासाठी बँकेचं किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं. 2022 मध्ये मत्स्यव्यवसायासाठी 2 लाखांपर्यंत 7 टक्के व्याज आणि वेळेवर फेडलं तर 3 टक्क्यांची सवलत होती, म्हणजे 4 टक्के. शेकडा 3 महिन्याचे आणि शेकडा 4 वर्षाचे, यातला फरक घरात सगळ्यांना समजावून सांगा. पण वेळ चुकली की सवलत जाते, हेही लक्षात असू द्या.

3. पावसाळ्याचा पैसा वेगळा काढा.
जुलै ते सप्टेंबरचा घरखर्च, लेकरांची फी-पुस्तकं, जाळ्याची दुरुस्ती, एखादं आजारपण. हा पैसा बँकेत किंवा पोस्टात, हवा तेव्हा निघेल असा ठेवा. 2022 मध्ये व्याज महागाईपेक्षा कमी पडत होतं हे खरं आहे. पण हा पैसा वाढवायला नाही, सप्टेंबरात सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून आहे.

बँकेत ठेवलेल्या पैशाला एका बँकेत एका माणसामागं 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा 1 लाखाची 5 लाख झाली. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते, ते आठवत असेल. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पतसंस्थेला, गावच्या चिट्टीला, भिशीला मात्र नाही. आपला मच्छीमार संघसुद्धा बँक नाही, म्हणून ठेव म्हणून पैसे आमच्याकडे आणू नका. चिट्टी लावायचीच असेल तर ती चिट फंड कायद्याखाली नोंदलेली आहे का ते आधी बघा.

4. विमा.
आपलं काम पाण्यावरचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा आता वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. जीवन ज्योती 436 रुपये, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी 2 लाख. 1 जून 2022 पासून हे दर आहेत. हप्ता खात्यातून आपोआप कटतो, पण खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. पासबुक भरून घ्या आणि कटला का ते बघा. त्याशिवाय 2022 मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांच्या अपघात विम्याची तरतूद होती, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख. अशा विम्यासाठी आपलं नाव, आधार, वारस यांची नोंद बरोबर आहे का ते संघात येऊन तपासा.

5. दूरची कामं.
मुलगी 10 वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी, 2022 मध्ये 7.6 टक्के होती. पीपीएफ 2022 मध्ये 7.1 टक्के, पण 15 वर्षांसाठी. भाव पडायची भीती यात नाही.

6. एवढं झाल्यावर उरलं, तर बाजार.
बाजार वाईट नाही. पण तिथं जाणारा पैसा पाच-सात वर्षं लागणार नाही असाच हवा. एकदम 30 हजार घालण्यापेक्षा महिन्याला 500 रुपयांची एसआयपी बरी. भाव पडला तर त्याच 500 मध्ये जास्त युनिट येतात, चढला तर कमी. एकाच कंपनीचा शेअर घेण्यापेक्षा निफ्टीच्या 50 कंपन्यांत थोडा थोडा पैसा घालणारा इंडेक्स फंड समजायला सोपा आहे. एक कंपनी बुडाली तरी सगळा पैसा बुडत नाही. पावसाळ्यात हप्ता जमत नसेल तर एसआयपी थांबवता येते, फक्त त्याची सोय आधी विचारून घ्या. आणि कर्ज काढून शेअर? ते अजिबात नको.

या तीन गोष्टींपासून लांब राहा

- टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरच्या "उद्या दुप्पट" टिप. टिप देणाऱ्याकडे माल आधीच असतो, त्याला विकायला गिऱ्हाईक पाहिजे असतं.
- फ्युचर-ऑप्शन. थोड्या पैशात मोठा सौदा होतो, म्हणून पोरांना ओढ लागते. पण ऑप्शनला मुदत असते. मुदतीत भाव आपल्या बाजूनं गेला नाही तर घातलेला सगळा पैसा जातो. शेअरसारखी वाट बघता येत नाही.
- मोबाईलवरची झटपट कर्जं. डिसेंबर 2020 मध्ये तेलंगणात या ॲपवाल्यांच्या छळाला कंटाळून लोकांनी जीव दिले, पोलिसांनी धरपकड केली, रिझर्व्ह बँकेनंही लोकांना सावध केलं. हे ॲप फोनमधले सगळे नंबर घेतात आणि नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात. असं कोणी अडकलं असेल तर लपवू नका. घरच्यांना सांगा, पोलिसांत तक्रार करा, सोबत यायला आम्ही आहोत.

शेवटी एवढंच सांगतो. बाजार आज खाली असेल, उद्या वर जाईल, पुन्हा खाली येईल. तो आपल्या हातात नाही. उचल किती घ्यायची, पावसाळ्याला किती राखायचं, हे आपल्या हातात आहे. आज संध्याकाळी घरातल्या बायामाणसांना घेऊन बसा, कारण मासा विकून पैसा बहुतेक त्याच घरी आणतात. एका कागदावर चार आकडे लिहा: कर्ज किती आणि कोणत्या व्याजानं, उचल किती, सप्टेंबरपर्यंत खर्च किती, हातात किती.

किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज भरायचा असेल तर आधार, पासबुक, फोटो आणि सभासद कार्ड घेऊन या. लिहिता-वाचता येत नसलं तरी या, अर्ज आम्ही भरून देऊ. हा मजकूर शेजारच्या गावातल्या सभासदांनाही पाठवा.

आपला, मच्छीमार सहकारी संघ